इंग्लंडची ऑफर दहा दिवसांत आली, डिपॉझिट भरू का?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात अकाउंट्सला आहे. मुलगी बी.कॉम. झाली, 61 टक्के. दोन वर्षं पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात काम करते, पगार 24 हजार. एमबीएला मनासारखं कॉलेज मिळालं नाही. इंग्लंडमधल्या तीन विद्यापीठांनी मात्र ‘एमएस्सी इंटरनॅशनल बिझनेस’साठी दहा दिवसांत ऑफर दिली. सप्टेंबर 2026 ची बॅच, फी 17,500 पौंड. कन्सल्टन्सीवाले म्हणतात, तिकडं माणसांची टंचाई आहे म्हणून तर एवढ्या पटकन घेतात, शिवाय शिकून झाल्यावर दोन वर्षं नोकरीचा व्हिसा मिळतो. पंधरा दिवसांत डिपॉझिट भरायचं आहे. घर तारण ठेवलं तर बँक 11 टक्क्यांनी 25 लाख द्यायला तयार आहे. काय करू?

उत्तर : नमस्कार. डिपॉझिट आत्ता भरू नका आणि या कोर्ससाठी घर तारण ठेवू नका. मुलीनं परदेशी जाऊच नये असं माझं म्हणणं नाही. दोन वर्षं तिनं मन लावून काम केलंय, त्याचं चीज झालं पाहिजे. पण ‘पटकन घेतात म्हणजे माणसं हवी असणार’ हे जे तुम्हाला सांगितलं गेलं ते खरं नाही, आणि तुमचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

इंग्लंडमध्ये पदवीला किती विद्यार्थी घ्यायचे हे बरीच वर्षं सरकार ठरवायचं. 1998 मध्ये वर्षाला 1,000 पौंडांपर्यंत फी सुरू झाली, 2006 मध्ये मर्यादा 3,000 वर गेली आणि 2012 मध्ये एकदम 9,000 वर. त्याबरोबर विद्यापीठांना शिकवण्यासाठी मिळणारं सरकारी अनुदान बहुतांशी आटलं. सरकारनं विद्यार्थ्याला कर्ज द्यायचं आणि विद्यापीठानं फीवर चालायचं, अशी घडी बसवली. 2015 मध्ये, मेडिकलसारखे अपवाद सोडले तर, जागांवरची मर्यादाही उठली. विद्यापीठांत स्पर्धा होईल, चांगलं शिकवणाऱ्यांकडे विद्यार्थी जातील आणि फीही कमी-जास्त होईल, असा होरा होता. पण जवळपास सगळ्यांनीच कमाल फी लावली. नावाजलेल्या विद्यापीठांनी जागा वाढवल्या, आणि ज्यांचं नाव मोठं नाही त्यांचे विद्यार्थी कमी झाले.

ब्रिटिश विद्यार्थ्याची फी मात्र सरकारच्याच हातात राहिली. 2017 मध्ये ती 9,250 पौंड झाली आणि आठ वर्षं तिथंच थांबली. महागाई काही थांबली नाही. 2025 मध्ये 9,535 झाली, पण तोवर स्वतःच्या देशातली मुलं शिकवणं अनेक विद्यापीठांना तोट्याचं झालं होतं. ही तूट भरून काढायची कुठून? परदेशी विद्यार्थ्याच्या फीला वर मर्यादा नाही. त्यातही बिझनेस, मॅनेजमेंटचा एक वर्षाचा एमएस्सी विद्यापीठाला सगळ्यात सोयीचा. प्रयोगशाळा लागत नाही, मोठ्या हॉलमध्ये दोनशे मुलं बसतात, आणि अनेक ठिकाणी सप्टेंबरची बॅच झाली की जानेवारीत दुसरी घेता येते.

तुमच्या मुलीची ऑफर दहा दिवसांत का आली, ते यात आहे. इंग्लंडमधल्या उच्च शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या ‘ऑफिस फॉर स्टुडंट्स’नं मे 2025 मध्ये सांगितलं की 43 टक्के संस्थांना त्या वर्षी तुटीची अपेक्षा आहे. वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठानं त्याच वर्षाच्या सुरुवातीला 400 पदं कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाला वाचवायला तिथल्या सरकारला पैसे द्यावे लागले. म्हणजे विद्यापीठांना विद्यार्थी हवेत, अगदी निकडीनं हवेत. पण विद्यार्थ्याला नोकरी देणारा माणूस वेगळा असतो, आणि या ऑफरशी त्याचा काही संबंध नसतो.

आपल्याकडं डी.एड. कॉलेजांचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. तालुक्या-तालुक्यात कॉलेजं निघाली, कारण कॉलेज चालवणं परवडत होतं. शिक्षकभरती त्या प्रमाणात कधी झालीच नाही, आणि प्रमाणपत्रं घेऊन मुलं वर्षानुवर्षं थांबली.

आता नोकरीची बाजू बघा, कारण ती विद्यापीठाच्या हातात नाही, ब्रिटिश गृहखात्याच्या हातात आहे. 2019 मध्ये त्यांच्याच सरकारनं 2030 पर्यंत सहा लाख परदेशी विद्यार्थ्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. ते काही वर्षांतच ओलांडलं गेलं. मग स्थलांतराचे आकडे वाढले, राजकारण तापलं आणि दारं एकेक करून लोटली गेली. जानेवारी 2024 पासून अशा एमएस्सीच्या विद्यार्थ्याला जोडीदार किंवा मुलं सोबत नेता येत नाहीत. शिक्षणानंतर मिळणारा ‘ग्रॅज्युएट व्हिसा’ दोन वर्षांचा होता. 1 जानेवारी 2027 पासून जे अर्ज करतील त्यांना तो 18 महिन्यांचाच मिळणार आहे. तुमची मुलगी सप्टेंबर 2026 मध्ये गेली तर तिचा अर्ज 2027 मध्येच जाणार. कन्सल्टन्सीनं सांगितलेली ‘दोन वर्षं’ तिच्यासाठी नाहीत. एवढी एकच गोष्ट त्यांना विचारा आणि काय सांगतात ते लेखी मागा.

ते 18 महिने संपले की पुढं राहायला ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसा लागतो. तो कंपनीनं स्पॉन्सर करावा लागतो, म्हणजे ‘ही व्यक्ती आम्हाला नोकरीला हवी’ अशी जबाबदारी सरकारदरबारी घ्यावी लागते. जुलै 2025 पासून काम पदवीच्या पातळीचं असावं लागतं आणि पगार साधारणपणे वर्षाला किमान 41,700 पौंड. नुकतंच शिक्षण संपवलेल्यांना सवलत आहे, तरी 33,400 पौंड लागतातच. अंदाज यावा म्हणून सांगतो, तिकडं किमान वेतनावर पूर्णवेळ काम केलं तर वर्षाला 25 हजार पौंडांच्या आसपास मिळतात. दुकानातली किंवा वेअरहाउसमधली नोकरी या अटीत बसत नाही. ‘इंटरनॅशनल बिझनेस’ शिकलेली, ब्रिटिश अनुभव नसलेली मुलगी आणि तिथलीच पदवीधर मुलगी एका जागेसाठी समोर आल्या, तर स्पॉन्सरशिपचा खर्च आणि कागदपत्रांचा व्याप कंपनी कुणासाठी पत्करेल?

पैशांचं बघू. फी 17,500. लंडनबाहेर राहायचं तर व्हिसासाठी महिना 1,171 पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचे 10,539 खात्यात दाखवावे लागतात, आणि राहायचं असतं बारा महिने. वर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी वर्षाला 776 पौंड अधिभार, व्हिसा फी, तिकीट. 30 हजार पौंडांच्या खाली हे बसत नाही. पौंड 120 रुपये धरला तर 36 लाख. बँकेचे 25 लाख 11 टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिना साधारण 34 हजार हप्ता, आणि शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलं नाही. मुलीचा आजचा पगार 24 हजार आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद लिहिलेल्या माणसाला मी याहून जास्त काय सांगू? अर्धवेळ कामातून हे सुटेल असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, कोर्स चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, आणि त्यातून फार तर जेवण-खोलीला हातभार लागतो.

कन्सल्टन्सी तुमच्याकडून फी घेत नाही ना? मग तिला विद्यापीठाकडून प्रत्येक प्रवेशामागं कमिशन मिळत असणार. ही तिकडची उघड आणि रूढ पद्धत आहे, त्यात बेकायदा काही नाही. पण तिचा सल्ला कुणाच्या सोयीचा आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात आशेचं वाटलं ते सीएंच्या ऑफिसातलं काम. हा धागा सोडून ‘इंटरनॅशनल बिझनेस’कडं वळण्याचं मला काहीच कारण दिसत नाही. ब्रिटनचीच एसीसीए ही अकाउंटन्सीची पात्रता तिला पुण्यात राहून, नोकरी न सोडता करता येईल. बी.कॉम.मुळं काही पेपरांतून सूटही मिळू शकते. खर्च टप्प्याटप्प्यानं होतो, आणि एखादा पेपर राहिला तरी घर जात नाही. ब्रिटिश विद्यापीठात शिकायचीच ओढ असेल तर यॉर्क, ब्रिस्टल, ॲबर्डीन या विद्यापीठांना मुंबई-नवी मुंबईत कॅम्पस काढण्यासाठी 2025 मध्ये इरादापत्रं, म्हणजे तत्त्वतः मंजुरी, मिळाली आहेत. ते प्रवेश कसे होतात, फी किती असते, याकडं लक्ष ठेवा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो तिच्याकडं आहे. स्पर्धा तीव्र आहे, तरी तिनं अर्ज जरूर करावा.

एवढं वाचूनही तिला जायचंच असेल, तर तिन्ही विद्यापीठांना तिनं स्वतः मेल लिहावा, कन्सल्टन्सीमार्फत नको. विचारावं : या कोर्सचे भारतीय विद्यार्थी शिक्षण संपल्यावर पंधरा महिन्यांनी काय करत होते? तिथल्या ‘ग्रॅज्युएट आउटकम्स’ सर्वेक्षणात याच सुमाराला विचारणा होते, त्यामुळं विद्यापीठाला या प्रश्नाचं नवल वाटायला नको. याच कोर्सला जानेवारीची बॅच आहे का? डिपॉझिटची मुदत वाढवून मिळेल का? व्हिसा नाकारला तर आणि आपणच विचार बदलला तर, डिपॉझिट परत मिळण्याचे नियम काय? शिवाय स्पॉन्सर परवाना असलेल्या कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहे. त्या शहरातल्या दहा कंपन्या तिनं निवडाव्यात आणि त्यांच्या सध्याच्या जाहिरातींत आपल्याला जमेल असं काम आहे का, पगार 33,400 च्या वर आहे का, हे बघावं. एका रविवारचं काम आहे.

विद्यापीठांची उत्तरं आली की ती आणि ऑफर लेटरमधली फी-परताव्याची पानं मला पाठवा. तिन्हींबद्दल वेगवेगळं कळवतो.