एकही चित्र पुरं न करणारी मुलगी

“मॅडम, हातात कला आहे, पण चित्त थाऱ्यावर नाही. एक चित्र पुरं करेल तर शपथ!” आई खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाली. शेजारी पंधरा वर्षांची लेक, नजर खिडकीबाहेर. पुस्तक उघडं ठेवून तंद्रीत जायचं, पुढे काय करणार विचारलं की खांदे उडवायचे. ‘मुलगी दिवसाढवळ्या स्वप्नं बघते, हिचं कसं होणार?’ हा प्रश्न घेऊन बरेच पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतात.

मी आधी एवढंच बघते, की तंद्री ही खरोखर तंद्रीच आहे ना. काही मुलं बोलता बोलता मध्येच थांबतात आणि काही सेकंद शून्यात बघत राहतात. हात लावला तरी भानावर येत नाहीत. हा फिटचा प्रकार असू शकतो, तिथे डॉक्टरच हवेत. ही मात्र खांद्यावर हात ठेवला की दचकून “काय?” म्हणायची. दुसरी शंका अतिरेकाची. स्वप्नरंजन थांबवता येईना आणि त्यापायी झोप, अभ्यास, माणसं सुटायला लागली, तर काळजी करावी. इली सोमर या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये याला ‘मॅलअडॅप्टिव्ह डेड्रीमिंग’ असं नावही दिलं. हिची झोप नीट होती, मैत्रिणी होत्या.

मग मी चूक केली. कलचाचणी घेतली. निष्कर्ष निघाला ‘कला’, जो तिच्या आईला चाचणीशिवायच ठाऊक होता! मी कलाशाखांची यादी वाचली. ती “हं” म्हणाली.

तिसऱ्या भेटीला मी म्हटलं, “चित्रवही राहू दे, शाळेच्या वह्या आण.” वह्यांच्या मागच्या पानांवर एक म्हातारा होता. हातात मिटलेली छत्री. शेजारी तोच, छत्री अर्धी उघडलेली. मग वाऱ्याने उलटलेली. मग छत्रीमागे धावणारे नुसतेच पाय. नऊ चित्रं, नऊही अर्धवट.

“हे पुरं का नाही केलंस?”

“पुढे काय झालं ते दिसायला लागतं ना, मग हे रंगवत बसायचा कंटाळा येतो.”

आई ज्याला धरसोड म्हणत होती, ते हे होतं. अॅनिमेशनपट तयार होण्याआधी त्याचा प्रसंगन् प्रसंग छोट्या चौकटींत कच्चा रेखाटतात, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. तिथे छायाप्रकाशाच्या सफाईपेक्षा पुढची चौकट सुचणं मोलाचं. असं काम असतं हेच तिला माहीत नव्हतं. चित्र म्हटलं की चित्रकार किंवा चित्रकलेच्या बाई, एवढंच आपण मुलांना दाखवतो.

घरचा अभ्यास दिला: रोज वीस मिनिटं, एक स्वप्न, सहा चौकोन. पहिले दोन आठवडे चौकोन कोरे आले आणि ती रडली. डोक्यात सगळं धावतं, कागदावर माणसाचा गुडघासुद्धा धड वाकत नाही! मला हे रडणं आवडलं, कारण आता तिला काय शिकायचंय ते कळलं होतं. माणसांची हालचाल बघून काढणं, पर्स्पेक्टिव्ह म्हणजे कागदावर जवळचं-लांबचं दाखवणं, कॅमेरा कुठे ठेवला तर प्रसंग कसा दिसेल ते. भूमितीच्या तासालाही ती जरा सावरून बसू लागली म्हणे. गणिताचे गुण मात्र होते तिथेच आहेत.

आईने पोटापाण्याचं विचारलं. मी खोटा धीर दिला नाही. या क्षेत्रात पुष्कळ काम प्रकल्पापुरतं मिळतं, मध्ये खंड पडतात, म्हणून जोडीला आणखी एखादं कौशल्य हवंच. अजून वेळ आहे, एवढं म्हटलं.

चार महिन्यांनी आई एकटीच आली, मोबाइलवर लेकीचे सहा चौकोन घेऊन. खिडकीशी मुलगी, दारात हाका मारणारी आई, आई जवळ येते, आणखी जवळ, आईचा हात खुर्चीच्या पाठीवर. सहाव्या चौकोनात फक्त खुर्ची आणि उघडी खिडकी.

“बघा मॅडम,” आई म्हणाली, “शेवटचं पुन्हा अर्धवटच सोडलं ना?”