अमेरिकेच्या लष्करातून बाहेर पडलेल्यांना मायग्रेनसाठी अपंगत्व भत्ता मिळतो का?

हो, मिळतो. तुमच्या मिस्टरांचं डोकं लष्करात असतानाच दुखायला लागलं असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा अर्ज जरूर करा. मीही तिथे आठ वर्षं होतो आणि अर्धशिशी घेऊनच बाहेर पडलो.

माजी सैनिकांचं खातं, म्हणजे व्हीए, डोकं किती ठणकतं ते बघत नाही. माणूस अंथरूण धरतो का आणि किती वेळा, ते बघतं. नियमांत मायग्रेनचा क्रमांक ८१००. गेल्या काही महिन्यांत आडवं पाडणारा झटका सरासरी दोन महिन्यांतून एकदा आला तर १० टक्के अपंगत्व धरतात, महिन्यातून एकदा आला तर ३०. झटके वारंवार येत असतील, लांबत असतील आणि पोटापाण्यावरच घाला येत असेल तर ५०. त्याच्या वर मायग्रेनला टक्के नाहीत. ५० साठी नोकरी सुटलेलीच असावी लागते, हा समज चुकीचा आहे. २००४ च्या पिअर्स खटल्यात न्यायालयाने ते स्पष्ट केलंय.

मी चुकलो ते तपासणीत. डॉक्टरांनी विचारलं, कसं चाललंय? मी म्हणालो, "ठीक. गोळी घेतली की जातो कामावर." लष्करात दुखणं बोलून दाखवायची सवयच मोडते. पडदे ओढून, उशाशी बादली ठेवून काढलेले दिवस मी सांगितलेच नाहीत. निकाल आला: शून्य टक्के.

मग बायकोने भिंतीवरच्या कालनिर्णयात नोंदी सुरू केल्या. किती वाजता आडवा झालो, कधी उठलो, उलटी झाली का, कामावर खाडा पडला का. सात महिन्यांची ती पानं आणि तिचं स्वतःचं निवेदन (फॉर्म २१-१०२१०) जोडून पुन्हा दावा केला, तेव्हा ३० टक्के मंजूर झाले.

आधी 'इंटेंट टू फाइल', म्हणजे अर्ज करायचा इरादा, व्हीएकडे नोंदवा. मग पूर्ण अर्जाला वर्षभर मुदत मिळते आणि भत्ता साधारणपणे त्या तारखेपासून धरतात. निदानाचा कागद, लष्करी दवाखान्यातल्या नोंदी आणि दोन्हींचा संबंध सांगणारं डॉक्टरांचं पत्र गोळा करा. डोक्याची जुनी इजा आधीच मंजूर असेल तर मायग्रेन तिच्यामुळे झालं असाही दावा करता येतो. पहिल्या अर्जासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका, ते बेकायदा आहे. माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट मदत करतात.

आणि नोंदी आजपासूनच सुरू करा. झटका आला की मिस्टरांना पेन धरवणार नाही, तेव्हा तुम्हीच लिहा.