तारवाची लांबी कोणाच्या हाताने मोजायची?

मूळच्या पुण्याच्या आणि आता न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने विचारले आहे की, पाच, नऊ आणि तेरा वर्षांच्या तीन मुलांना घरीच शिकवताना एकाला उठवून दुसऱ्याला बसवण्यातच सकाळ संपते, पवित्र शास्त्राचा अभ्यास वचने पाठ करण्यापुरता उरतो आणि मराठी तर मागेच पडते. यावर काय करावे?

माझे पहिले सांगणे असे की, एका घरात तीन वर्ग भरवू नयेत. शास्त्रपाठ, इतिहास, विज्ञान आणि मराठी यांसाठी तिघांपुढे एकच विषय ठेवावा आणि त्यातील काम मात्र वयाप्रमाणे वाटून द्यावे. पुण्यात मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथ शाळेत लहानमोठी मुले एकाच सतरंजीवर घेऊन बसण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली, आणि ज्या दिवशी मुलांच्या हातांना काम होते त्याच दिवसांचे धडे त्यांच्या लक्षात राहिलेले मी पाहिले आहेत.

पवित्र शास्त्रातील उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायातील नोहाचे तारू, म्हणजे महापुरातून प्राण्यांना वाचवणारे जहाज, घ्या. त्याची लांबी ३०० हात, रुंदी ५० हात आणि उंची ३० हात होती. इंग्रजी शास्त्रात वाचणाऱ्या मुलाला या मापाचा ‘क्युबिट’ हा शब्द परका वाटतो, परंतु मराठीत तो ‘हात’च आहे, आणि आपल्या पणजोबांच्या काळापर्यंत २४ अंगुळांचा एक हात हे व्यवहारातले माप होते. धाकट्याने कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दोरी धरून स्वतःचा हात मोजावा, तसाच वडिलांचाही मोजावा. धाकट्याचा हात ३० सेंटीमीटर भरला तर तारू ९० मीटर लांब होते. वडिलांचा ४५ भरला तर तेच तारू १३५ मीटरांचे होते. एकाच वचनातून निघालेला हा ४५ मीटरांचा फरक पाहून मधले मूल आपण होऊन विचारते की, मग खरा हात कोणाचा? सर्वांनी मिळून एक प्रमाण माप ठरवण्याची गरज माणसाला का पडली, हे शिकवण्याची याहून चांगली संधी मला माहीत नाही. त्यानंतर मधल्याने मीटरला सेंटीमीटर धरून १३५ सेंटीमीटर लांब आणि साडेबावीस सेंटीमीटर रुंद असा तारवाचा तळ जमिनीवर कागद पसरून आखावा, आणि थोरल्याने घनफळ काढावे. ते सुमारे ४१,००० घनमीटर येते. एवढ्या जागेत इतके प्राणी मावतील का, असे तेरा वर्षांचे मूल विचारीलच. त्याला गप्प करू नये. आपल्या मंडळीची जी शिकवण असेल ती प्रामाणिकपणे सांगावी आणि त्याचा प्रश्न वहीत लिहून ठेवू द्यावा, कारण घरात ज्या प्रश्नाला जागा मिळत नाही तो घराबाहेर उत्तर शोधतो.

तीन गोष्टींत मात्र सावध राहावे. गणिताचा रोजचा सराव प्रत्येकाचा स्वतंत्रच हवा, कारण बीजगणित आणि बेरीज एका पाटावर बसत नाहीत. तसेच थोरल्या मुलाला दिवसभर धाकट्यांचा शिक्षक करू नये; त्याला स्वतःच्या अभ्यासाचे दोन निवांत तास मिळालेच पाहिजेत. केवळ रंगवणे आणि चिकटवणे हेही हाताने शिकणे नव्हे. कामाअंती मुलाच्या मनात नवा प्रश्न उभा राहिला नाही, तर ते काम पुढच्या वेळी गाळावे.

स्वयंपाकघरात तर येशूचे अर्धे दृष्टांत आयतेच असतात. फोडणीची मोहरी ओल्या कापसावर टाकली की थोड्याच दिवसांत उगवते. एका भांड्यात यीस्ट घातलेले आणि दुसऱ्यात पोळ्यांचे साधे पीठ भिजवून शेजारी ठेवले, तर खमिराचा दृष्टांत डोळ्यांदेखत घडतो, आणि साखर खाऊन यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडते हे थोरल्याला त्याच पिठातून समजते.

मराठीसाठी मी पंडिता रमाबाईंकडे वळण्याचा आग्रह धरीन. १८९० मध्ये शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणणाऱ्या आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायकांनाही कळेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले आणि १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते पूर्ण केले. केडगावच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवण्याचे काम आश्रमातील मुली आणि स्त्रियाच करीत. आपल्या मुलांनी बटाटा कापून ‘क’चा ठसा करून पाहावा, अक्षर उलटे कोरावे लागते हे पहिला ठसा चुकल्यावरच कळते. धाकट्याने ठसे उमटवावेत, मधल्याने आपले नाव जुळवावे आणि थोरल्याने एकच वचन दोन मराठी भाषांतरांत वाचून कोणते शब्द बदलले ते टिपावे. पुढच्या सुट्टीत पुण्याला आलात की दौंड मार्गावरील केडगावला मुलांना अवश्य न्यावे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. न्यू जर्सीचे तुलनेने सैल आहेत, तर शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये वार्षिक आराखडा आणि तिमाही अहवाल द्यावा लागतो. जर्मनीत राहणाऱ्या वाचकांनी हा मार्ग धरू नये, कारण तेथे शाळेत जाणे सक्तीचे आहे. त्यांनी हे उपक्रम शनिवार-रविवारी करावेत. भारतात परतण्याचा विचार असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थानाच्या दहावीसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणजे आपल्या थोरल्याचा विचार आतापासूनच करून ठेवावा. नियम सैल असला तरी मुलांच्या वह्या, मोजमापे आणि छायाचित्रे तारखेनिशी जपून ठेवावीत.

राहिली पुण्यातली मुलांची आजी. न्यू जर्सीत सकाळचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात, म्हणजे तेथील शाळेची सुरुवात आणि येथील सायंप्रार्थनेची वेळ जवळजवळ एकच येते. आठवड्यातून एकदा आजीने व्हिडिओ कॉलवर मराठी शास्त्रातून उतारा वाचावा, आणि पहिल्याच दिवशी धाकट्याने तिला तिचा हात मोजायला सांगावे.