मंगोल सत्तेविरुद्ध फारसी सूफी कवींनी कवितेतून प्रतिकार केला होता का?

केला, पण तुमच्या प्रश्नातला 'प्रतिकार' हा शब्द जरा जपून वापरावा लागेल. देश, स्वातंत्र्य असलं काही या मंडळींच्या डोक्यात नव्हतं. भरलेली शहरं बेचिराख झाली होती, एवढं मात्र होतं. १२२१ मध्ये मध्य आशियातलं गुरगंज शहर मंगोलांच्या हाती पडलं, तेव्हा सूफी गुरू नज्मुद्दीन कुब्रा मारले गेले. इराणातल्या निशापूरला कवी अत्तार गेले तेही त्याच सुमारास, असं परंपरा सांगते.

सगळेच काही भिडले नाहीत. रूमींनी मंगोलांच्या बाजूनं कारभार पाहणाऱ्या मुईनुद्दीन परवान्याला 'तू तातारांशी (म्हणजे मंगोलांशी) हातमिळवणी केलीस' असं तोंडावर सुनावलं, पण ते बैठकीतल्या बोलण्यात, कवितेत नाही.

मी मोडी कागदांच्या नादानं फारसीकडे वळलेला हौशी माणूस. मला विचाराल तर एकच कविता वाचा, सैफ फरगानीचा कसीदा, म्हणजे एकाच यमकावर चालणारी लांब कविता. हा सूफी मूळचा मध्य आशियातल्या फरगान्याचा, राहिला अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) अक्सरायला. १२४३ मध्ये कोसे दागच्या लढाईत तिथले सेल्जुक सुलतान हरले आणि तो मुलूख मंगोलांचा मांडलिक झाला होता.

या कसीद्याचा प्रत्येक शेर, म्हणजे दोन ओळींची जोडी, 'शुमा नीज बगुजरद' (तुमच्याही... गुदरेल) या शब्दांवर संपतो. यातलं 'बगुजरद' हे क्रियापद आपल्या घरातलंच आहे. 'प्रसंग गुदरला' म्हणतो ना, तेच. आपल्याकडे प्रसंग गरिबावर गुदरतो. सैफ तो राज्यकर्त्यांवर गुदरवतो. पहिलीच ओळ: मरण तुमच्याही जगावर गुदरेल.

पुढे तो म्हणतो, ज्यांच्याकडे घोडे होते त्यांचीही धूळ खाली बसली. तुमच्या गाढवांच्या खुरांची धूळही बसेल. घोड्यावरून आलेल्या विजेत्यांना गाढवं देऊन टाकली! एका शेरात तर बुद्धिबळाचा पट मांडलाय: पील, शाह, मात, प्यादी, सगळे शब्द आपल्या ओळखीचे. विनाशाचा हत्ती तुमच्या प्याद्यांवरूनही जाईल. ही प्यादी म्हणजे वसुलीला येणारे गावोगावचे अंमलदार असावेत, असं मला वाटतं. गंमत म्हणजे अख्ख्या कसीद्यात 'मंगोल' हा शब्द नाही, नुसतं 'तुम्ही'. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं.

म्हणायला यातलं तत्त्व जुनंच, जग नाशवंत आहे. कोणताही सूफी हे स्वतःला बजावतो. सैफनं ते दरबाराकडे तोंड करून म्हटलं, एवढाच फरक, आणि माझ्या मते प्रतिकार तिथेच आहे.

शेवटचा शेर चुकवू नका. इतका वेळ शापासारखं आदळणारं तेच 'तुमच्याही' तिथे अचानक मऊ होतं, कारण आता तो मित्रांशी बोलतोय: सैफसाठी चांगली दुआ एखाद्या दिवशी तुमच्याही जिभेवरून जावो.