ओटीपोटाचं दुखणं आणि गौरीच्या गोळ्या

डॉक्टरांना विचारा

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझं वय ३४. सिडकोत राहते. सातपूरला पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, आठ तास उभ्याचं काम. मुलगी सात वर्षांची. पंधराव्या वर्षापासून पाळीत माझं ओटीपोट ओला कपडा पिळावा तसं पिळवटतं. आई म्हणायची, लग्न झालं की थांबेल. लग्नानंतर सगळे म्हणाले, मूल झालं की थांबेल. मुलगी झाली, दीड-दोन वर्षं खरंच बरं होतं, मग दुप्पट सुरू झालं. आता पाळी नसतानाही दुखतं, महिन्यातले बारा-पंधरा दिवस. पाळीत शौचाला बसले की खाली सुरी फिरते. नवऱ्याजवळ जायची भीती वाटते, हे मी आज पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतेय. बाविसाव्या वर्षी अपेंडिक्स समजून ऑपरेशन झालं, दुखणं तिथंच. मागच्या महिन्यात नव्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून डाव्या बाजूला तीन सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट सांगितली आणि डायनोजेस्ट २ मिलिग्रॅमची रोज एक गोळी दिली. आज बाविसावा दिवस. दुखणं थोडं उतरलंय, पण रोज तपकिरी डाग जातोय. सासूबाई म्हणतात, हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो, आणि पाळी थांबवली तर घाण अंगातच साठते. जाऊबाई म्हणतात, पिशवीच काढून टाक, मोकळी हो. माहेर निफाडचं, वडिलांची द्राक्षबाग. ते काहीच बोलत नाहीत, फक्त गप्प बसतात. गोळी चालू ठेवू की सोडू? आणि चैत्रात वणीला जायचा नवस आहे, असे डाग चालू असताना जाऊ का?

उत्तर : गोळी सोडू नका. बाविसाव्या दिवशी तर नाहीच.

आता सविस्तर. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना थोडी लाजले, कारण गंगापूर रोडला दवाखाना थाटला त्या पहिल्या वर्षांत मीही मुलींना सांगत असे, "पाळी म्हटली की दुखणारच." ओझरहून एक कॉलेजातली मुलगी यायची, दर महिन्याला परीक्षा बुडायची तिची. मी तिला गरम पाण्याची पिशवी आणि धीर देऊन पाठवलं. चार वर्षांनी ती आली तेव्हा दोन्ही बीजकोशांत सिस्ट होत्या. त्यानंतर ते वाक्य माझ्या तोंडी पुन्हा आलं नाही.

तुम्ही सांगितलेली लक्षणं आणि ती सिस्ट जुळवली तर हे एंडोमेट्रिओसिस आहे, असं मानून तुमच्या डॉक्टरांनी उपचार सुरू केलेत, आणि ते बरोबर केलंय. गर्भाशयाच्या आतलं जे अस्तर दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून पडतं, तसलीच पेशींची बेटं बीजकोशावर, गर्भाशयामागच्या खोलगट जागेत, आतड्याला चिकटून असतात. बीजकोशातून इस्ट्रोजेन हे हार्मोन आलं की तीही फुगतात, तीही रक्त सोडतात. पण त्या रक्ताला बाहेर जायला वाट नाही. तिथंच सूज, तिथंच अवयव एकमेकांना चिकटणं. बीजकोशात साठून जुनं झालेलं रक्त चॉकलेटसारखं दिसतं, म्हणून सिस्टला ते गोड नाव. शौचाच्या वेळची सुरी आणि संबंधाच्या वेळची वेदना ही त्या मागच्या जागेतल्या बेटांची खूण असते. तुम्ही ते लिहिलंत म्हणून मला कळलं. नुसतं "पोट दुखतं" लिहिलं असतंत तर मीही अंदाजच बांधत बसले असते. जगात पाळीच्या वयातल्या साधारण दहा टक्के बायकांना हा आजार असतो आणि नाव कळायला अनेक वर्षं जातात. तुमची एकोणीस गेली. दुर्बिणीनं आत बघितल्याशिवाय निदान नाही, असं पूर्वी मानत. २०२२ च्या युरोपियन मार्गदर्शक तत्त्वांनी तो आग्रह सोडला. लक्षणं जुळत असतील तर आधी औषध द्यावं, हे आता मान्य आहे.

"मूल झालं की थांबेल" ही आईची समजूत अगदी वाऱ्यावरची नव्हती. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन भरपूर असतं, बीज तयार होणं थांबतं, बेटं निजतात. तुम्ही मुलीला अंगावर पाजत होतात त्या काळातही पाळी लांबली असणार, म्हणून तुमची ती दीड-दोन वर्षं. हेच पाहून १९५० च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनच्या रॉबर्ट किस्टनर यांनी नव्यानंच निघालेल्या हार्मोनच्या गोळ्या देऊन शरीराला "खोटं गरोदरपण" द्यायला सुरुवात केली. प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारी तुमची डायनोजेस्टही त्याच वाटेवरची. चूक आईची एवढीच, की बाळंतपण हे औषध समजलं गेलं. ते औषध नव्हे, ती सुट्टी होती.

आता सासूबाई. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि एक प्रश्न विचारा: गौरी-गणपतीला अडचण येऊ नये म्हणून घरातल्या कुणी मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या का? माझ्या अनुभवात नाशिकमधल्या बऱ्याच घरांचं उत्तर "हो" असतं. श्रावण लागला की माझ्या दवाखान्याखालच्या दुकानात त्या पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची पाकिटं काउंटरवरच काढून ठेवलेली असतात. त्यात नॉरइथिस्टेरॉन असतं, दिवसातून तीनदा पाच-पाच मिलिग्रॅम. तेही हार्मोनच, तुमच्या डायनोजेस्टच्या भावकीतलं. उलट त्या डोसात त्याचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून कधी पायात रक्ताची गुठळी झालेल्या बाईनं ते विचारल्याशिवाय घ्यायचंच नसतं. देवासाठी घेतली तर गोळी, दुखण्यासाठी घेतली तर हार्मोन. हा हिशेब मला आजवर कळलेला नाही.

घाण साठण्याचं म्हणाल, तर डायनोजेस्ट चालू असताना अस्तर जाड होतच नाही. जे तयारच झालं नाही ते साठणार कुठून? तुमचा तपकिरी डाग म्हणजे पातळ झालेलं अस्तर अधूनमधून कुठंतरी सुटतंय. पहिले तीन महिने हा त्रास फार जणींना होतो, नंतर बहुतेकींचा कमी होत जातो. याच डागाला कंटाळून बायका चौथ्या-पाचव्या आठवड्यात गोळी टाकतात, आणि नेमकं तेव्हाच औषध जोर धरत असतं. दिवसाला पॅड भिजेल इतकं जायला लागलं तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

कॅन्सरचं थोडं जपून सांगते, कारण सगळ्या हार्मोनना एका पोत्यात घालता येत नाही. स्तनाचा किंवा हार्मोनवर वाढणारा दुसरा कॅन्सर झालेला असेल, यकृताचा गंभीर आजार असेल, शिरेत गुठळी असेल, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर डायनोजेस्ट देत नाहीत. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. तुमच्या आईकडे किंवा वडिलांकडे कुणाला काही असेल तर तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

तुमचे वडील गप्प बसतात म्हणालात. त्यांना या गोष्टी माझ्याहून चांगल्या कळतील असं मला वाटतं. द्राक्षाचे घड ते जीएच्या पाण्यात बुडवतात ना? जिबरेलिक ॲसिड हे झाडाचं संप्रेरकच. काही पीपीएम, ठरलेल्या दिवशी. मणी लांबतो. दिवस चुकला किंवा मात्रा चुकली की घड वाया. बागेत कुणी म्हणत नाही की हार्मोन वाईट; म्हणतात, मात्रा काय, कधी दिली. तोच प्रश्न इथंही विचारायचा. तुमची मात्रा २ मिलिग्रॅम, रोज एकाच वेळी, पाकिटांमध्ये खंड न पाडता. जेवणाआधी-नंतर काही फरक पडत नाही. गोळी घेतल्यावर तीन-चार तासांत उलटी किंवा जोराचे जुलाब झाले तर दुसरी घ्या. शिफ्ट बदलत असेल तर मोबाईलला गजर लावा. "रात्रपाळीमुळे चुकते" हे मी सातपूर-अंबडच्या बायकांकडून इतक्यांदा ऐकलंय.

एक गोष्ट कदाचित तुम्हाला कुणी सांगितली नसेल. ही गोळी गर्भनिरोधक म्हणून दिलेली नाही, तिच्यावर त्या बाबतीत विसंबू नका. निरोध वापरा. तांबी बसवू नका, तिनं रक्त आणि कळा वाढू शकतात. दुसरं मूल हवं असेल तर डॉक्टरांना आत्ताच सांगा. गोळी बंद केल्यावर पाळी सहसा दोनेक महिन्यांत परत येते, म्हणजे दार बंद होत नाही, पण गोळी घेत असताना मूल राहावं अशी वाट बघण्यात अर्थ नाही.

डोकं दुखणं, छाती जड होणं, चेहऱ्यावर पुटकुळ्या हे चालण्यासारखं. मन मात्र बघत राहा. उगाच रडू येतंय, काही नकोसं वाटतंय, असं आठवड्यावर चाललं तर "माझाच स्वभाव" म्हणून दाबू नका. तो गोळीचा परिणाम असू शकतो आणि त्यावर गोळी बदलणं हा उपाय असतो. बदलायला पर्याय आहेत: गर्भाशयात बसवायचं लेव्होनॉरजेस्ट्रेल या हार्मोनचं साधन, किंवा दोन हार्मोनच्या मिश्र गर्भनिरोधक गोळ्या खंड न देता. बीजकोश पूर्ण झोपवणारं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शनही आहे. पण त्यानं चाळिशीआधीच पाळी गेल्यासारखे गरम झोत येतात, हाडं पातळ होतात, सोबत थोडं हार्मोन परत द्यावं लागतं. डायनोजेस्ट आणि ल्युप्रोलाइड यांची चोवीस आठवड्यांची तुलना झाली आहे, वेदनेवर दोन्ही सारखीच उतरली. मग सोप्यापासून सुरुवात का करू नये?

जाऊबाईंच्या सल्ल्यावर मला राग येतो. जाऊबाईंवर नाही, सल्ल्यावर. बेटं पिशवीबाहेर आहेत. पिशवी काढली आणि बेटं व बीजकोश राहिले तर दुखणंही राहू शकतं. चौतिसाव्या वर्षी बीजकोशही काढले तर हाडं आणि हृदय त्याची किंमत मोजतात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्यांनी सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. "मोकळी हो" या शब्दाची आपल्या राज्यात एवढी किंमत मोजून झालीय. शस्त्रक्रिया कधीच नको असं मी म्हणत नाही. सिस्ट वाढली, संशयास्पद दिसली, औषधानं भागलं नाही, तर दुर्बिणीनं सिस्ट आणि बेटं काढतात. ते पुढचं. सिस्ट पुन्हा कधी बघायची ते डॉक्टरांना विचारून तारीख लिहून ठेवा.

आणि एवढ्या वर्षांच्या दुखण्यानं नसा हळव्या झालेल्या असतात, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले असतात. त्यामुळे बेटं निजली तरी थोडं दुखणं मागे राहतं. गोळी फुकट गेली असं तेव्हा समजू नका. ते स्नायू सैल करायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट नाशिकमध्येही मिळतात, डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. संबंधाच्या वेळच्या वेदनेवर याचा उपयोग होतो. नवऱ्याला हे पत्र वाचायला द्या, तोंडानं सांगणं जड जात असेल तर.

एक वही करा. रोज रात्री शून्य ते दहा असा एक आकडा, डाग गेला का, मेफ्टाल (दुखण्याची गोळी) घेतली का, कामावर गेलात का. बास. तीन महिन्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. "थोडं बरं आहे" यापेक्षा तिच्यातून जास्त कळतं.

वणीचं म्हणाल, तर डाग जात असताना देवीकडे जावं की नाही हे ठरवणारी मी कोण? माझी आजी म्हणायची, देवी स्वतः बाई आहे. शरीराच्या बाजूनं काहीच अडचण नाही. पायऱ्या झेपल्या नाहीत तर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. गोळीचं पाकीट पर्समध्ये, सुटकेसमध्ये नाही.

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यात आशा सेविका आहे. आमच्या पाड्यावर एक बाई आहे, तीन मुलं झालेली, अगदी वरच्या पत्रासारखंच दुखणं सांगते. महागाच्या गोळ्या तिला रोज परवडणार नाहीत. माझ्याकडे माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या असतात. देऊ का?

उत्तर : दुखण्यासाठी म्हणून तुमच्या मनानं देऊ नका, पण विचार योग्य दिशेनं चाललाय. माला-एनमध्ये इस्ट्रोजेन आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल दोन्ही आहेत. शेवटच्या सात लोहाच्या गोळ्या गाळून, हार्मोनच्या गोळ्या सलग दिल्या तर पाळी येत नाही आणि अनेकींच्या वेदना कमी होतात. पण हे डॉक्टरांनी लिहून द्यायचं. बीपी जास्त असलेली, डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे काजवे चमकणारी, किंवा पस्तिशीपुढची असून तंबाखू ओढणारी बाई यात बसत नाही. दुसरी वाट "अंतरा" या गर्भनिरोधक इंजेक्शनची: दर तीन महिन्यांनी, सरकारी दवाखान्यात मोफत. त्यात इस्ट्रोजेन नाही. त्यानंही पाळी आणि कळा कमी होतात. थांबवल्यावर मूल राहायला वेळ लागतो आणि बराच काळ घेतलं तर हाडांचा विचार करावा लागतो.

त्याआधी तिची तपासणी हवी. आपल्या भागात पोटाचा क्षयरोग आणि जुना संसर्गही असंच दुखवतात, त्यांना हार्मोनचा उपयोग नाही. ताप, वजन उतरणं, घाण वास, पाळी चुकलेली असणं हे आधी विचारा. सिव्हिलला पाठवाल तेव्हा चिठ्ठीवर नुसतं "पोटदुखी" लिहू नका. किती वर्षं, महिन्यातले किती दिवस, शौचाला बसताना दुखतं का, संबंधाच्या वेळी दुखतं का, आणि किती दिवस मजुरी बुडते, हे लिहा. ती बाई तिथल्या गर्दीत हे बोलणार नाही.