पेरिस्टॅलिसिस नव्हे हो, पेरिस्टॅल्सिस!

प्रश्न असा आलाय की डायलिसिसच्या मशीनमध्ये जो पेरिस्टॅल्टिक पंप असतो त्याला मराठीत ‘क्रमसंकोच पंप’ म्हटलं तर चालेल का.

आधी एक, आतडं क्रमाक्रमानं आवळत अन्न पुढे ढकलतं, त्या लाटेवरून या पंपाचं नाव आलं; तिला ‘पेरिस्टॅलिसिस’ म्हणू नका, हात जोडतो. डायलिसिस ऐकून ऐकून जीभ तिकडे वळते हे कळतं, पण हल्ली शिकवणारेसुद्धा बिनदिक्कत तसंच म्हणतात. ग्रीकमध्ये लिसिस म्हणजे सुटं करणं. इथे आहे स्टॅल्सिस, क्रियापद स्टेल्लेइन, म्हणजे नीट लावणं, आवरणं, पाठवणं. पेरी म्हणजे भोवती, म्हणून पेरिस्टेल्लेइन म्हणजे भोवतीनं गुंडाळणं, आवळणं. एक सोडतो, दुसरा आवळतो आणि दोघं नांदतात एकाच मशीनमध्ये!

खरी गंमत पुढेच आहे. बीपीतले सिस्टॉलिक-डायस्टॉलिक याच स्टेल्लेइनची पोरं, आणि अपॉसलसुद्धा. अपोस्टोलोस म्हणजे पाठवलेला, मराठी बायबलात त्याला ‘प्रेषित’ म्हणतात, अगदी शब्दाला शब्द. म्हणजे येशूचे बारा प्रेषित आणि आतड्यातून पुढे धाडलेला वरणभात हे भाऊबंद झाले (हे मी जेवताना सांगितलं, घरात कुणाला आवडलं नाही).

आता क्रमसंकोच. परिभाषावाल्यांनी तो आतड्यासाठी घडवला, तिथे ठीक, स्नायू खरंच आकसतात, पण घासाच्या मागचं आतडं आकसताना समोरचं सैल होतं, ते त्यांना दिसलंच नाही का? आणि पंपातली नळी बिचारी स्वतः काय आकसणार, रोलर तिला चेपत फिरतो, रक्त पुढे सरकतं, पंपाच्या एकाही भागाला ते शिवत नाही, शिवतं ते फक्त नळीला. याला मराठीत शब्द आहे की, निपटणं! ओले केस निपटतो तसं. लहानपणी प्लॅस्टिकच्या नळीतला पेप्सीकोला आपण खालून बोटांनी निपटत वर आणायचो, आणि चिमूट जरा सैल पडली की रंगीत पाणी बोटांखालून उलटं मागे पळायचं. हसू नका, १९६९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधक शापिरो मंडळींनी गणितानं हेच मांडलं की लाट पुढे जात असली तरी नळी पूर्ण मिटत नसेल तर भिंतीलगतचा थोडा द्रव मागे जाऊ शकतो. मूत्रवाहिनीतही मूत्र अशाच लाटेनं पुढे जातं, तिथे असं झालं तर जंतू मूत्राशयातून मूत्रपिंडाकडे उलटे चढू शकतात. संकोच म्हणून हे कसं कळणार, निपटणं म्हटलं की लगेच बोटांना आठवतं.

तर निपट-पंप म्हणा. हो, प्रश्न क्रमसंकोचचा होता ना, नाही चालणार.