शहात्तरची येझदी आणि तीन लाखांची एफडी

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४७, कोळसा कंपनीत नोकरी, पत्नी शाळेत शिक्षिका. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ५ हजार हातात येतात. घराच्या कर्जाचे १८ लाख बाकी आहेत, हप्ता २१ हजार, अजून अकरा वर्षं. घरखर्च ५५ हजार, एसआयपी १२ हजार, बँकेत ३ लाखांची एफडी. मुलगी बारावीला आहे, मेडिकलसाठी नीटची परीक्षा देणार. मुलगा आठवीत. कॉलेजात असताना मामाची येझदी मोटरसायकल चालवायला मिळायची, ती हौस आता पुन्हा उसळली आहे. अमरावतीच्या एका घरी १९७६ ची येझदी नऊ वर्षांपासून बंद उभी आहे. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा वारले, नातू ९५ हजार मागतो. इथला मिस्त्री ८५ हजारांत 'शोरूमसारखी' करून द्यायला तयार आहे. कागदपत्रं, हेल्मेट, हत्यारं धरून वर ४५ हजार. म्हणजे सव्वादोन लाख. त्यातले सव्वा लाख एफडी मोडून, एक लाख पर्सनल लोन काढून.

शेवटी ते लिहितात : "मॅडम, पुढच्या वर्षी ही गाडी ५० वर्षांची होते, म्हणजे विंटेज. माझ्या साडूने २०१० मध्ये २५ हजाराला घेतलेल्या आरएक्स १०० ला आज लोक लाख रुपये द्यायला तयार आहेत. मग ही गुंतवणूकच झाली ना? बायको मात्र वेडेपणा म्हणते."

भाऊ, वहिनींशी मी अर्धीच सहमत आहे. गाडी घ्यायची इच्छा वेडेपणाची नाही. तिला गुंतवणूक म्हणायचं आणि त्या नावाखाली एफडी मोडायची, तिथे मात्र वहिनींचं बरोबर आहे.

साडूंच्या आरएक्सपासून सुरुवात करू. २५ हजाराचे १५ वर्षांत १ लाख, म्हणजे वर्षाला साधारण पावणेदहा टक्के. ऐकायला झकास. आता त्यांना विचारा, या १५ वर्षांत गाडीवर काय काय खर्च केलं? टायर, बॅटरी, एकदा बोअर-पिस्टन, दोनदा क्लच प्लेट, विमा. वर्षाला फक्त ५ हजार धरले तरी ७५ हजार होतात. २५ अधिक ७५, म्हणजे बरोबर लाख. पंधरा वर्षं गाडी फुकट चालवायला मिळाली, हा फायदा खराच, आणि मी त्याला कमी लेखत नाही. पण पैसा वाढला नाही. बरं, 'द्यायला तयार आहेत' म्हणजे दिले नव्हेत. जुन्या गाडीचा भाव गिऱ्हाईक दारात येऊन नोटा मोजतं त्या दिवशी कळतो.

तुमचे सव्वादोन लाख पीपीएफच्या आजच्या ७.१ टक्क्यांनी राहिले, तर तुम्ही निवृत्त व्हाल तोवर पाच लाखांच्या वर जातील. येझदीला तेवढं करायचं, तर १३ वर्षांत तिचा भाव साडेपाच लाखांच्या आसपास जायला हवा, आणि तोही मधला सगळा खर्च सोडून. मी त्यावर पैज लावणार नाही. एक बारीक गोष्ट तुमच्या बाजूची आहे : स्वतःच्या वापराची गाडी आयकराच्या लेखी भांडवली मालमत्ता नसते, त्यामुळे ती नफ्यात विकली तरी भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही. तोटा झाला तर तोही कुठे दाखवता येत नाही.

आता मिस्त्रीच्या ८५ हजारांबद्दल. इथे मी सल्लागार म्हणून कमी आणि पोळलेली बाई म्हणून जास्त बोलते आहे. बाबांची राजदूत १७५ आमच्या पोर्चमध्ये वर्षानुवर्षं चादरीखाली उभी होती. त्यांच्या पंचाहत्तरीला ती सुरू करून द्यायची असं मी मनावर घेतलं. मिस्त्रीने गाडीभोवती एक चक्कर मारली, किक दाबून पाहिली आणि म्हणाला, "होऊन जाते जी मॅडम, बावीस हजारात." मी हिशेबाची वही घातली, कारण सवय. पहिल्या पानावर २२ हजार आहेत. मग क्रँक खोलला. कनेक्टिंग रॉड गेलेला, बेअरिंगला गंज. मग टाकी आतून सडलेली निघाली. मग वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. क्रोम करायला दिलेला सायलेन्सर दोन महिन्यांनी परत आला, तोही दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा होता. शेवटच्या पानावर ६४ हजार आहेत. पंचाहत्तरी होऊन चार महिने उलटले होते. बाबांनी कॉलनीत एक चक्कर मारली, म्हणाले, "आता सायकलच बरी." मिस्त्रीने मला फसवलं नव्हतं. क्रँक खोलल्याशिवाय आत काय आहे ते त्यालाही दिसत नव्हतं, आणि 'सांगता येत नाही' असं म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे कुणी गाडी देत नाही.

नऊ वर्षं उभ्या असलेल्या टू-स्ट्रोकचं असंच असतं. ऑइल सील वाळून कडक होतात, क्रँकच्या बेअरिंगला ओल लागते, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आटून चिकट थर बसतो. म्हणून ८५ हजारांचा अंदाज मी १ लाख ३० हजार धरते. मग तुमचे सव्वादोन पावणेतीनपर्यंत जातात, आणि तेही अर्धी गाडी मिस्त्रीच्या शेडमध्ये सुटी पडलेली असताना. त्या क्षणी 'नको' म्हणता येत नाही. लोन तिथेच वाढतं.

आणि यंत्राच्या आधी कागद बघा. आजोबांच्या नावाची गाडी आधी कायदेशीर वारसाच्या नावावर यायला हवी, तो फॉर्म ३१. वारस एकापेक्षा जास्त असतील तर बाकीच्यांची ना-हरकत. मग तुमच्या नावावर, फॉर्म २९ आणि ३०. अमरावतीच्या आरटीओची एनओसी वेगळी. जुनं आरसी बुक संगणकावर चढलेलंच नसेल तर आधी ती नोंद करून घ्यायची. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, ते या गाडीचं शेवटचं कधी झालं ते पाहा. वीस वर्षांवरच्या दुचाकीला ही फी आता २ हजार आहे, उशिराचा दंड महिन्याला ३०० रुपये, पर्यावरण कर वेगळा. पैसे फार नाहीत, चकरा फार आहेत. चासी नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळतो का ते पेन्सिलने कागदावर घासून स्वतः बघा. इंजिन बदललेलं असेल आणि पुस्तकात त्याची नोंद नसेल, तर नातवाला नमस्कार करून परत या.

'विंटेज झाली की भाव वाढतो' हे नातवानेच सांगितलं असणार. केंद्राचा नियम जुलै २०२१ चा आहे, आपल्याच नागपूरच्या गडकरींच्या खात्याचा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली दुचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. फी २० हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण ती गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. तुम्हाला तर रविवारी पहाटे कोंढाळीला नाश्त्याला जायचंय. म्हणजे ज्या शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजायचे, तो लावला तर तुमची हौसच बंद. साध्या नोंदणीवरच ठेवा.

वर्षाचा खर्च तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला विचाराल तर खरा प्रश्न तोच आहे. बाबांची राजदूत पुढे माझा भाऊ चालवतो. आमच्या वहीप्रमाणे तिला वर्षाला साधारण १८ हजार लागतात. विमा त्यात थोडाच : १५० ते ३५० सीसीमधल्या दुचाकीला थर्ड पार्टीचे १,३६६ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. बाकी पेट्रोल, टू-टी ऑइल, टायर-ट्यूब, प्लग, पॉइंट, केबल आणि दर पावसाळ्यानंतरचं काहीतरी. आता आपलं नागपूर बघा. मार्चच्या मध्यानंतर उन्हात ती गाडी काढवत नाही, मे अखेरच्या नवतपात तर शेडमधल्या सीटला हात लावता येत नाही. जून ते सप्टेंबर पाऊस. पहाटेचे, अंगाला बरे वाटणारे रविवार वर्षात वीस. १८ हजार भागिले २०, म्हणजे एका रविवारचे ९००. तर्री पोहे वेगळे. हा आकडा ऐकून तुम्हाला 'परवडतं' वाटत असेल तर छान, मलाही परवडतं असंच वाटतं. पण महिन्याला दीड हजार घरखर्चात लिहा, एसआयपीशेजारी नको.

पेट्रोलचंही आता बदललंय. पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं, आणि इथेनॉल पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवायची, पेट्रोलचे पाइप बदलून घ्यायचे. येझदीला ऑइल पंप नाही, पेट्रोलच्या दर लिटरला ४० मिली टू-टी ऑइल स्वतः मोजून घालायचं. ते एकदा विसरलात तर वर्धा रोडवर पिस्टन जाम होतो आणि त्या वर्षाचे १८ हजार एका सकाळी संपतात.

एफडीकडे येते. घरखर्च आणि हप्ता मिळून तुम्हाला महिन्याला ७६ हजार लागतात. ३ लाख म्हणजे जेमतेम चार महिने. दोघं कमावते आहात म्हणून मी चार महिने चालवून घेते. सव्वा लाख काढले आणि लोनचा हप्ता वाढला (एक लाख, दोन वर्षं, १२ टक्के, म्हणजे ४,७०७ रुपये), तर उरतात दोन महिने आणि काही दिवस. आणि हे कोणत्या वर्षी? मुलीच्या नीटच्या वर्षी. निकाल चांगला लागला तरी प्रवेशाच्या फेऱ्या सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतात. सरकारी मिळालं तर हॉस्टेल, खासगी घ्यायचं ठरलं तर काय लागेल ते तुम्हालाच ठाऊक. त्या एफडीला हात लावू नका.

मग पैसे कुठून? तुमच्याच पत्रातून. १ लाख ५ हजारातून ५५, २१ आणि १२ वजा केले की १७ हजार उरतात. तुम्ही लिहिलंय, महिनाअखेर खात्यात काही नसतं. हे १७ हजार कुठे जातात ते वहिनींसोबत बसून शोधा, रागावता न येणाऱ्या वेळी. त्यातल्या १० हजारांची आरडी या महिन्यापासून सुरू करा. पुढच्या दसऱ्यापर्यंत व्याजासकट १ लाख १३ हजारांच्या आसपास जमतील. लोन नाही, एफडी शाबूत, आणि मुलीचं काय ते तोवर ठरलेलं असेल. आरडी तीन महिन्यांत मोडावी लागली, तर गाडीचा वर्षाचा खर्चही झेपला नसता हे घरबसल्या कळेल.

त्या पैशात गाडी ८० हजारांच्या वरची नको, उरलेले कागद आणि पहिल्या वर्षाच्या कामाला. रंग उडालेली चालेल, क्रोम गेलेलं चालेल. पण विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावावरची, आणि तुमच्यासमोर थंड इंजिनवर किक मारून सुरू होणारी हवी. येझदीत किकचाच दांडा पुढे वळवून गियरचा होतो, तुम्हाला ते आठवत असेलच. तो वळवून चारही गियर टाकून पाहा, दहा किलोमीटर चालवा, मग भाव करा. चकचकीत नंतर, हळूहळू, तुमच्या हाताने. मधले हे महिने शनिवारी संध्याकाळी त्याच मिस्त्रीच्या दुकानात स्टुलावर बसा. प्लग साफ करणं, पॉइंट घासणं, क्लच केबल बदलणं एवढं जरी हाताला आलं तरी वर्षाचा खर्च बराच खाली येतो. आणि कोपरापर्यंत काळे झालेले हात आपल्याला आवडतात की फक्त मामाची आठवण आवडते, हेही तिथेच कळतं.

एक काम मात्र दसऱ्यापर्यंत थांबवू नका. तुमचा टर्म विमा २५ लाखांचा आहे असं पत्राच्या तळाशी लिहिलंय. त्यातले १८ घराच्या कर्जात जातील. उरलेल्या सातात दोन मुलं? ड्रम ब्रेकच्या, सहा व्होल्टच्या मिणमिणत्या दिव्याच्या गाडीवर बसण्याआधी हा विमा किमान एक कोटीचा करा. आरोग्य विमाही फक्त ऑफिसचा आहे, घरचा वेगळा घ्या. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. अपघात विमा घेताना रॅली आणि शर्यतीबद्दलचं कलम वाचा, शर्यतीत झालेली इजा बहुतेक पॉलिसीत बाहेर ठेवलेली असते. या विम्यांच्या हप्त्यांसाठी १७ हजारांतले आरडीबाहेरचे ७ हजार आहेत.

अमरावतीच्या नातवाला टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर किती, ते कळवा. दसऱ्याच्या आत ती गाडी दुसऱ्या कुणी नेली तर नेऊ द्या, म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत येझदी निघत होत्या.